चालू करवतीला हात

प्रिय दादा,

हे पत्र हातात पडल्यावर तू आधी म्हणशील, बाईसाहेबांना फोन करायला काय झालं होतं? तर एक म्हणजे फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. आणि दुसरं म्हणजे आपल्या घरात फोनवर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं. तेव्हा आता निवांत बस आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून मला फोन लावू नकोस, मी उचलणार नाही.

आई बरी आहे. घरभर लाकडाचा भुसा होतो म्हणून ती रोज करवादते आणि रोज झाडते. वहिनीची तब्येत कशी आहे ते दर दोन वाक्यांनी विचारते, तुझी मात्र नाही, ते तू समजून घे. गिऱ्हाइकांची सगळी कामं आता मी करते. हसू नकोस. ज्या ठोकळीला तू लहानपणी ओंडक्यावर बसवून ठेवायचास, म्हणजे ओंडका हलणार नाही, ती ठोकळी आता स्वतः चेनसॉ, बाबांची ती साखळीची करवत, चालवते. हॉटेलवाल्याच्या अंगणासाठी मी अख्ख्या ओंडक्यांचे बाक केले. ते इतके जड झाले की टेम्पोवाल्याने कोपरापासून हात जोडले. पहिलं टेबल मात्र डुगडुगत होतं. बाबांनी त्यावर पाण्याचा पेला ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता चहा प्यायला निघून गेले. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

बाबांची कामाची पद्धत तुला वेगळी सांगायला नको. ओंडका लाकडी घोडीवर, म्हणजे कापायच्या तिकाटण्यावर, चढवला की आधी त्याच्याभोवती फिरायचं, तो कुठे वाकलाय, फांदी कुठून फुटलीय ते बघायचं, त्यातून खुर्चीची पाठ निघेल की बाकाचा पाय ते ठरवायचं. मग तसंच उभं राहायचं, कितीही वेळ. तेव्हा त्यांच्याशी बोलायचं नाही, हे आपण चालायला लागण्याआधी शिकलो असू. आणि नेमकं तिथेच आम्ही फसलो. गेल्या हिवाळ्यापासून बाबा जास्त वेळ उभे राहायला लागले. हातात पेला धरून, चपलेत एक पाय घालून, दाराची कडी धरून. आई म्हणायची, डोक्यात काहीतरी नवीन घोळतंय वाटतं. मीही तेच म्हणायचे. दुसऱ्या कुठल्याही घरात एव्हाना कोणीतरी घाबरलं असतं. आपल्या घरात मात्र कौतुक चाललं होतं.

मग तो दिवस. शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. बाबा एका बाकाच्या ओंडक्यात बैठकीची खाच घेत होते आणि मी बाजूला सालं सोलत होते. कानांवर जाड टोपणं, त्यामुळे दोघांनाही एकमेकांचं काही ऐकू येत नव्हतं. मान वर केली तेव्हा बाबा ओंडक्यावर वाकलेले होते, बोट रेसच्या खटक्यावर घट्ट दाबलेलं, आणि करवत आपल्याच वजनाने खाली उतरत होती. त्यांनी आखलेली रेघ कधीच ओलांडून गेली होती. बाबांच्या हातून रेघ ओलांडली जाते का रे कधी? मी नियमाप्रमाणे त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. चालू मशीनवाल्याला मागून हात लावायचा नाही, समोर यायचं, त्याला दिसू द्यायचं, हे त्यांनीच शिकवलेलं. मी समोर उभी राहून दोन्ही हात हलवले. ते माझ्याकडेच बघत होते, दादा, आणि मी त्यांना दिसत नव्हते. ओठ किंचित हलत होते, काहीतरी चघळल्यासारखे. ओंडक्याच्या खाली त्यांचा डावा गुडघा होता. लाकूड संपत आलं होतं.

मी बाजूने हात घातला आणि पुढच्या मुठीसमोरचा ब्रेक पुढे ढकलला. साखळी थांबली. इंजिन तसंच बोंबलत राहिलं आणि जळका वास सुटला, कारण बाबांचं बोट खटक्यावरच होतं. मी तशीच उभी राहिले, ब्रेक धरून. मग त्यांनी पापणी लववली आणि काही झालंच नाही अशा थाटात काम पुढे चालू करायला गेले. तेव्हा त्यांना माझा हात दिसला.

ते जे ओरडले ते सगळं मी लिहीत नाही. शेजारचा वेल्डर कुंपणापाशी धावत आला, एवढं सांगते. "चालू मशीनमध्ये हात घालायला कोणी शिकवलं तुला? बोटं नको झालीत का?" असं म्हणत त्यांनी माझी बोटं एकेक करून तपासली. त्यांच्या हिशेबी ते लाकूड कापत होते आणि मधेच त्यांची पोरगी वेडी झाली. मी म्हटलं, बाबा, तुम्ही इथे नव्हतात. म्हणाले, मी विचार करत होतो. मी म्हटलं, रेघेच्या एवढं खाली जाऊन? त्यांनी ओंडक्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, तू मला दचकवलंस म्हणून करवत खाली गेली. आणि आता त्यांचा त्यावर ठाम विश्वास आहे.

आईने गुडघेदुखीचं निमित्त काढून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. मीही गेले आणि त्यांच्यासमोरच सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, हा एक प्रकारचा फिटचा झटकाच असतो, माणूस पडत नाही, नुसता हरवतो, तपासण्या करून घ्या आणि तोवर मशीनला हात लावू नका. बाबा अगदी गोड हसून हो हो म्हणाले. बाहेर आल्यावर त्यांनी तो कागद घडी करून आईच्या पिशवीत टाकला आणि मला म्हणाले, आता झालं समाधान? तपासण्यांना काही ते गेले नाहीत. आई रात्रंदिवस देवाला हात जोडते, पण त्यांना अडवत नाही. "हातातलं काम काढून घेतलं तर हा माणूस बसल्या जागी संपेल गं," म्हणते. मला तिचाही राग येतो आणि तिची कीवही येते.

बाबांनी एकच गोष्ट मान्य केली. गिऱ्हाइकांची कामं तू कर, म्हणाले, माझा एक पलंग तेवढा होऊ दे, मग मी मशीन खाली ठेवतो. मला बरं वाटलं होतं. वाटलं, पलंगापुरतं मी समोर उभी राहीन. झाडायच्या निमित्ताने, तेल द्यायच्या निमित्ताने, मी त्यांच्या समोर असायचे. पण त्यांना कळलंच. "खांबासारखी समोर काय उभी राहतेस? परत हात घालायचाय?" आणि परवापासून ते शेडच्या दाराला आतून कडी घालतात. माझी बोटं वाचावीत म्हणून, दादा. कडी माझ्यासाठी आहे.

म्हणून मी आता बाहेर बसून ऐकते. करवत लाकडात शिरली की तिचा आवाज दबतो आणि बाहेर आली की मोकळा होतो, हे तुलाही माहीत आहे. तो वर-खाली होत असला की मी श्वास घेते. एकाच सुरात राहिला की मी उठून उभी राहते. स्वयंपाकघराच्या दारात पहार टेकवून ठेवली आहे, कडी उचकटायला. आई विचारते, ही पहार इथे कशाला, आणि उत्तराची वाट न बघता ती ओलांडून जाते. आत्ताही शेडमध्ये मशीन चालू आहे. मगाशी आवाज एका सुरात लांबला, मी पेन टाकून पहार घेऊन दारापर्यंत धावले, तेवढ्यात तो दबला. परत येऊन पुढे लिहिते आहे.

आता तो पलंग. तू तुझी गोड बातमी कळवलीस तेव्हा बाबांनी फोन आईच्या हातातून स्वतः ओढून घेतला होता, आठवतं? तू शेड सोडून नोकरीला गेलास तेव्हापासून इतक्या वर्षांत ते तुझ्याशी नीट बोलले तो तेवढाच दिवस. त्याच दुपारी ते लाकूड बघायला गेले. पलंग तुझ्या बाळाचा आहे. तुला आधी कळू द्यायचं नाही अशी आम्हाला तंबी आहे. कठड्याला फांद्यांची नैसर्गिक वळणं जुळवलीत, बाळाचा हात लागेल तिथे स्वतः हाताने घासून गुळगुळीत केलंय. फार सुंदर झालाय रे. आता फक्त खांबांमधल्या खाचा राहिल्यात, आणि त्या करवतीच्या टोकाने लाकडात थेट भोसकून घ्याव्या लागतात. तिथेच मशीन उसळून अंगावर येतं. पूर्ण शुद्धीतल्या माणसाच्याही. "त्या मी घेते" म्हटलं, तर म्हणाले, माझ्या नातवंडाच्या पलंगाला दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही.

तेव्हा आता ऐक, कशासाठी एवढं लिहिलं ते. हे पत्र टेम्पोवाल्याच्या हाती पाठवते आहे, म्हणजे तुला आजच मिळेल. बाबांना आजच्या आज फोन कर. सांग की बाळासाठी पलंग विकत घेतला, दुकानातला, हलका, रंगवलेला, आणि तुमचं ते ओबडधोबड लाकूड आमच्या घरात नको. पलंगाचं आईच्या तोंडून निसटलं असं सांग, मी तिच्याशी बोलले आहे, ती बोलणी खायला तयार आहे. त्यांचं आणि तुझं आत्ता कुठे पुन्हा जुळलं होतं, ते मीच तुला तोडायला सांगते आहे, हे मला कळतंय, आणि हे लिहिताना मला रडू येतंय. पण मायेने सांगितलंस तर ते हट्टाने पुरा करतील. त्यांना लागेल असंच बोल. या घरात त्यांना एवढं दुखवू शकेल असा तू एकटाच आहेस. ते फोन आपटतील, तुझं नाव टाकतील, बाळाला बघायलाही कदाचित येणार नाहीत. पण त्या रागाच्या भरात मशीन खाली ठेवतील, आणि ते ठेवलं की मी ते त्यांच्या हाती पुन्हा लागू देणार नाही. तुझ्यावर रागावलेला का होईना, आपला बाप आपल्याला राहू दे. दादा, आवाज पुन्हा एका सुरात लागलाय. मी जाते.

तुझीच,
ठोकळी