दिल्लीच्या हवेची सवय

३ नोव्हेंबर, सोमवार. हुलसूर.
नंदाची निवड झाली. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी दिल्लीला आंतरराष्ट्रीय रस्ता-शर्यत, दहा किलोमीटर, बाहेरच्या देशांतल्या मुली येणार. माझ्या धाकट्या भावाची पोर, वय वीस, शाळेच्या मैदानावर मीच पळायला शिकवलेली. आनंद झाला. इथे लिहून ठेवते, कारण दिवसभर तो दाखवायला वेळ मिळाला नाही. दुपारपर्यंत बसस्टँडवर फ्लेक्स लागला. त्यात नंदा पेढ्याएवढी आणि तिच्या बापाचे मित्र ताटाएवढे.
संध्याकाळी घरी गेले तर पोर खोकतेय. कोरडा खोकला. पळून आली की छातीत शीळ वाजते, ती मी दिवाळीच्या आधीपासून ऐकतेय. कस्तुरी, तिची आई, म्हणते थंडी. कसली थंडी! टीव्हीवर दिल्ली दाखवत होते. भरदुपारी गाड्यांचे दिवे लागलेले, माणसं तोंड बांधून चाललेली. शिवराजने, तिच्या बापाने, उठून चॅनेल बदललं.

६ नोव्हेंबर, गुरुवार.
नंदाला घेऊन बिदरला, छातीच्या डॉक्टरांकडे. निघताना कस्तुरीने दारात अडवलं.
"अक्का, तिथं दमा म्हणू नगा. सर्दी म्हणा. चिटगुप्पा गावचं स्थळ हाय हिला, त्यांचा भाचा बिदरलाच औषधाच्या दुकानात असतोय."
म्हणजे रोग काय ते आता चिटगुप्पा ठरवणार.
डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं, जिन्यावरून पळवलं, पुन्हा फुंकायला लावलं. जोरात पळताना श्वासनळ्या आवळतात. दमाच, पण आटोक्यात राहील असा. दोन पंप दिले, एक रोजचा, एक पळण्याआधीचा. ठरलेल्या प्रमाणात घेतले तर खेळाडूंना दोन्ही चालतात. मी दोनदा विचारून घेतलं. धूर आणि धूळ टाळायची.
"दिल्लीत कशी टाळू?" नंदा.
डॉ. म्हणाले, पळणारा माणूस तोंडाने श्वास घेतो, नाकाची चाळणी राहत नाही, आणि बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा आत ओढतो. ती हवा घाण असेल तर तीही तितकीच आत जाते. "त्या दिवशी हवा वाईट असली तर मी म्हणेन पळू नकोस."
परतताना बसमध्ये, भालकी गाव मागे पडल्यावर म्हणाली, "आत्या, डॉक्टरचं शेवटचं अप्पांना सांगू नको."

१० नोव्हेंबर, सोमवार.
पंप सापडले. भिंतीतल्या देवळीत, बसवण्णांच्या फोटोमागे, सील न फोडलेले. कस्तुरीला विचारलं तर ती शि.कडे बघते. (शिवराज यापुढे शि. पूर्ण नावाइतकी शाई त्याच्यावर खर्च करणार नाही.)
शि.ला कुण्या पैलवानाने सांगितलं म्हणे, पंप घेतला की तपासणीत सापडतं, बंदी येते, पेपरात नाव येतं.
"डोपिंग म्हणत्यात त्याला, अक्का."
"मला शिकवतोस? जन्मभर खेळाचीच मास्तरीण होते मी."
"म्हणूनच तुला कळंना झालंय. तुझ्या काळात न्हवतं हे."
डॉक्टर खोटा, मी म्हातारी, पैलवान खरा. वर कस्तुरीने रोज ओव्याची धुरी सुरू केलीय. छातीला धूर नको म्हटल्यावर, धूर!
मी समोर बसून सील फोडलं आणि नंदाला पंप घ्यायला लावला. पहिल्यांदा सगळा जिभेवर उडवला. दुसऱ्यांदा जमलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.
राग अजून उतरलेला नाही.
सकाळी फिरायला ओढ्याकडे गेले. मल्लप्पाचं गुऱ्हाळ लागलंय. चुलवाणाच्या धुराचा काळा लोट गारठ्याने खाली बसलेला, वर जातच नव्हता. आणि त्यात नंदा. गुऱ्हाळाभोवती चकरा मारतेय. शि. मोटारसायकलवर बसून बघतोय, तोंडाला उपरणं गुंडाळून. स्वतःच्या तोंडाला!
"काय चाललंय हे?"
"सवय लावायलोय, अक्का."
"कशाची?"
"दिल्लीच्या हवेची. बाहेरच्या पोरींना सवय न्हाई, त्या मधीच बसत्यात बघ. हिला सवय असली तर ही निघंल पुढं. लेकरं तिखट खायला कशी शिकत्यात? थोडं थोडं खाऊनच की."
"छाती म्हणजे जीभ आहे का रे?"
"तसंच असतंय सगळं."
तेवढ्यात मल्लप्पा आला, चेहरा फुललेला. "अक्का, पोरीसाठी आज पाचटासंगं दोन टायर जास्ती टाकलोय. काळजी करू नगा."
या माणसाला काय बोलायचं? त्याने खरंच मनापासून टाकले होते.
नंदाला हाताला धरून घरी आणली. कधीपासून? सोमवारपासून. म्हणजे मी पंप उघडला त्याच दिवसापासून. इकडून औषध, तिकडून टायर.
"कामून बोलली न्हाईस?" रागात मीही तिच्यासारखंच बोलते.
"अप्पा माझ्यासाठी अंधारात उठायलेत. न्हाई कसं म्हणू?"

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.
व्हायचं ते झालं. दुपारी नंदाला शि.च्या दुकानात बसल्या बसल्या श्वास लागला. वाक्य पुरं होईना, ओठांचा रंग गेला. दवाखान्यात मशीनची वाफ, ऑक्सिजन. संध्याकाळपर्यंत बरी.
शि. दाराबाहेर चपला हातात घेऊन उभा. आत यायला कुणी अडवलं नव्हतं. त्याला काय काय बोलायचं ते मी वाटेत ठरवून आले होते. तिथे बोलले नाही. घरी आल्यावर बोलले, एकही शब्द न गाळता.

२० नोव्हेंबर, गुरुवार.
पुन्हा बिदर. सुधारतेय. मशीनवरची फुंकर पूर्वीपेक्षा चांगली. आता रोज पंप घेते, सांगावं लागत नाही. पळणं हळूहळू, ऊन चढल्यावर, मोकळ्यात.
"मग शर्यत?" मी विचारलं.
"छाती तयार होईल. बाकी त्या दिवशीच्या हवेवर. आणि तिच्यावर."
मला हो किंवा नाही हवं होतं. डॉक्टर लोकांना सरळ उत्तराची फी वेगळी द्यावी लागते काय?
बसमध्ये नंदाने खरं काय ते सांगितलं. घरात ठरलंय. दिल्लीत चांगली पळाली तर शिबिरात जागा, आणि मग लग्नाचं नाव दोन वर्षं कुणी काढणार नाही. पळाली नाही, तर माघात चिटगुप्पा. शि.ने त्या लोकांना शब्द दिलाय.
"मुलगा कसा आहे?"
"चांगला हाय. म्हणतो, लग्नानंतर सकाळी चालायला जायला हरकत न्हाई."
चालायला.

२६ नोव्हेंबर, बुधवार.
संयोजकांच्या कार्यालयात फोन. तीन माणसं बदलली. प्रश्न एकच: हवा कितीपर्यंत बिघडली तर शर्यत थांबवणार? पहिला म्हणाला रस्त्यावर पाणी मारणार आहोत. दुसरा म्हणाला त्या दिवशी बघू. तिसरा, गोड आवाजाचा: "मॅडम, परदेशी संघांची काही तक्रार नाही. तुम्ही आपल्याच देशाच्या, आणि तुम्हीच?"
उन्हासाठी नियम असतो, विजेसाठी असतो, बूट किती जाड असावा यालासुद्धा असतो. हवेसाठी "त्या दिवशी बघू".
फ्लेक्सवरच्या मित्रांपैकी एक रस्त्यात भेटला. "टीचर, तुमचीच पोरगी पुढं जायलीय आन् तुम्हीच पाय ओढायलात म्हणं?" त्याला म्हटलं, आधी तुझा फोटो लहान कर, मग बोलू.

५ डिसेंबर, शुक्रवार. दिल्ली.
पोचलो. स्टेशनबाहेर पहिल्याच श्वासाला घशात खरखर, जिभेवर कडवट चव. डोळे चुरचुरतात. इथली माणसं म्हणतात, आज बरंच बरं आहे.
हॉटेलात सकाळी जेवणघरात एक इथिओपियाची मुलगी समोर बसली. मास्क काढला, पिशवीतून पंप काढला, सगळ्यांसमोर घेतला, आणि ऑम्लेट खायला लागली. नंदा बघतच राहिली. मग खाली वाकून, टेबलाखाली, आपला घेतला. त्या मुलीने पाहिलं. हसून तिने आपला पंप मिठाच्या बाटलीशेजारी उभा केला. थोड्या वेळाने नंदानेही. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण पुढचा अर्धा तास बुटांवर बोलणं चाललं होतं.

६ डिसेंबर, शनिवार.
बैठक. स्वतःच्या जबाबदारीवर पळत आहोत असं सगळ्यांकडून लिहून घेतलं. एकाने विचारलं, माघार घेतली तर? संघाबरोबरचे गृहस्थ म्हणाले, "कुणावर जबरदस्ती नाही. पण निवड करणारे बघत असतात, एवढं लक्षात ठेवा." जबरदस्ती नाही म्हणायची ही नवी रीत.
नंदाने विचारलं, "आत्या, तू असतीस तर?"
मी ओरडलेच. मी नाही ना, तू आहेस! मला विसाव्या वर्षी कुणी दिल्लीला बोलावलं नव्हतं. नंतर तिच्या केसांना तेल लावून दिलं. पळ म्हटलं तर छाती जाईल. नको म्हटलं तर पळणंच जाईल.

७ डिसेंबर, रविवार.
रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्यापाशी, वही गुडघ्यावर.
सकाळी समोरची इमारत दिसेना. संयोजकांचा निरोप: हवा "मध्यम", शर्यत ठरल्याप्रमाणे. माझ्या फोनवर हवेच्या मोजमापाचा रंग काळपट तांबडा, त्याच्यापुढे रंगच नाही.
इथिओपियाची मुलगी बॅग घेऊन खाली उभी. ती पळणार नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या देशात दुसरी शर्यत आहे तिला. नंदाला नाही. फरक एवढाच.
बसमध्ये चढताना शि.चा फोन. "अक्का, टीव्हीवर बघायलोय. तिला सांग, नको वाटलं तर नको पळू. चिटगुप्प्याला मी सांगतो काय ते."
"महिनाभर काय झोपला होतास? तिलाच सांग."
"मला जमंना अक्का. तूच सांग."
सांगितलं. नंदाने ऐकलं, एकदा डोळे मिटले. "खरंच म्हणाले?"
"खरंच."
"मग आता माझं मीच ठरवायचं म्हण की."
"हो."
"रेषेपर्यंत जाते, आत्या. तिथं श्वास घेऊन बघते. मग पळायचं तर पळते, न्हाईतर बाजूला होते. माझी वाट बघ, पण हाक मारू नको."
गेली. पन्नास पावलांत दिसेनाशी झाली. ही जागा रेषेपासून फार लांब नाही म्हणतात, पण इथून नुसता पिवळट पडदा. शेजारचे एक आजोबा मुठीत खोकतायत आणि अधूनमधून टाळ्या वाजवतायत, कुणासाठी ते त्यांनाही दिसत नाही.
बार झाला.
पावलांचा आवाज येतोय. बऱ्याच जणी आहेत. जवळ येतायत. चेहरे अजून दिसत नाहीत. वही मिटते, कठड्यापाशी उभी राहते.