तळखोलमध्ये कुणी भीत नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
पोचले एकदाची! सकाळी सहाला निपाणीहून निघाले, बेळगावात गाडी बदलली आणि कणकुंबीच्या अलीकडच्या फाट्यावर उतरले तेव्हा साडेदहा वाजले होते. भावकू अण्णा सायकल घेऊन उभे होते. सायकल माझ्या बॅगेसाठी, आम्ही दोघं तीन किलोमीटर चालत. अण्णा इथले हत्तीचे राखणदार, म्हणजे हत्ती कुठे आहे ते पाहून गावाला कळवणारे. महिनाभर मी त्यांच्या हाताखाली. कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालून आलेय, त्यामुळे चालतानासुद्धा सुट्टी लागल्यासारखं वाटत होतं.

तळखोल म्हणजे चाळीस घरं, खाली भाताची खाचरं, वर जंगल. भात पिवळं झालंय. गावातल्या जयाक्कांनी त्यांच्या पडवीतली खोली दिलीय. नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढलं, लाजू नको म्हणाल्या. मला इथे पाठवणाऱ्या संस्थेच्या कागदावर माझं काम एका ओळीत आहे: लोकांच्या मनातली हत्तीची भीती कमी करणे. भीती कमी झाली की फटाके फोडणं, टेंभे फेकणं थांबतं, मग हत्तीही पिसाळत नाही. आईला फोन करून सांगितलं, हत्ती एकच आहे, तुझ्या मांजरापेक्षा शहाणा.

५ नोव्हेंबर
शाळेच्या व्हरांड्यात बैठक घेतली. तीसेक माणसं. विचारलं, हत्तीला कोण कोण भितं? एकही हात वर नाही. आधी वाटलं लाजताहेत. जयाक्का म्हणाल्या, दोन वर्षांमागं सगळे भ्यायचे, टायर जाळायचे, डबे बडवायचे. आता तो येतो, उभारतो, जातो. बेळगावला संस्थेच्या तेजस्वी मॅडमना कळवलं की इथलं काम आधीच झालंय. त्या खूश.

मी दोन-तीन विनोद केले होते. कळले सगळ्यांना, हसलं कुणी नाही.

८ नोव्हेंबर
आज पाहिला. दुपारी चारला, बांधावरून, अण्णा शेजारी. एकच सुळा, अंगावर वाळलेला चिखल. खाईना, हलेना. खरं सांगायचं तर पळायचंच मनात होतं. मग पायांना काहीतरी जाणवलं. आवाज नव्हे. जमीन आतून गुरगुरत होती आणि ते तळव्यांतून पोटऱ्यांत चढत होतं. बाटलीतलं पाणी थरथरलं. हत्ती माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजातही बोलतात, हे वाचलं होतं. पाय बधिर झाले आणि त्यांच्याबरोबर भीतीही गेली.

अण्णा माझ्याकडे बघत होते. "गेली न्हवं? पयल्यांदा बरं वाटतंय," म्हणाले.

संस्थेच्या नोंदीच्या तक्त्यात लिहिलं: हत्ती शांत.

११ नोव्हेंबर
जयाक्का भाकऱ्या भाजत होत्या. बोलता बोलता तव्यावर हात टेकवला आणि तसाच ठेवला. वास आला तेव्हा मीच ओढून काढला. तळहाताची कातडी तव्याला राहिली. त्या नुसत्या बघत होत्या. दुखत न्हाय गं, म्हणाल्या. मलम लावताना डोळ्यांत पाणी माझ्याच आलं.

मग गावभर नीट पाहिलं. अण्णांच्या अंगठ्याचं नख उपटलेलं, जखम उघडी. मुलांचे गुडघे फुटलेले. आठ दिवसांत इथे मी एकाही मुलाचं रडणं ऐकलेलं नाही. हे आज लक्षात आलं.

१३ नोव्हेंबर
यल्लाप्पा गेले. नीट लिहून ठेवते.

भर दुपारी आम्ही अकराजण त्यांच्या खाचरात भात कापत होतो. हत्ती वरच्या बांधावर आला. जमीन गुरगुरायला लागली. यल्लाप्पांनी विळा ठेवला, डोक्याचा टॉवेल काढून घडी घातली आणि चालत निघाले. मी ओरडले. धावलेही, पण पाय जड झाले, बांधाशी पडले. हत्तीने सोंडेने त्यांना आडवं केलं आणि पाय ठेवला. घाई दोघांनाही नव्हती.

वळून पाहिलं तर सगळे भात कापत होते. त्यांत त्यांची बायको तानीबाई. मी तिला धरून हलवलं, रड की गं आक्का, म्हटलं.

"रडाय पायजे, कळतंय मला," ती म्हणाली. "पर येतच न्हाय बघ."

आणि तिने पुढची मूठ धरली.

१४ नोव्हेंबर
फॉरेस्टवाले आले. साहेब कन्नडमधून सगळ्यांवर चिडले, एवढी माणसं असताना कुणी अडवलं का नाही म्हणून. पंचनामा चालू असताना हत्ती वरच्या बांधावर येऊन उभा राहिला. साहेबांचा आवाज उतरत गेला. वाक्य अर्धं सोडून जीपमध्ये बसले आणि गेले.

परवाच्या बसने मीही जाणार. बॅग भरली.

१५ नोव्हेंबर
अण्णांना विचारलं, हे कधीपासून? त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. दोन वर्षांमागं कुंपणाच्या तारेत करंट त्यांनीच सोडला होता. याच्याबरोबरची हत्तीण चिकटली. करंट बंद केला, पण ती उठली नाही. तीन दिवस मरत होती. हा तिच्यापाशी उभा. गाव बघत होतं.

"पयल्या दिशी जीव तुटला आमचा. दुसऱ्या दिशी कमी. तिसऱ्या दिशी जेवून बघाय गेलतो. तवापास्नं वाटायचं बंदच झालं."

मला राग यायला हवा होता. त्यांच्याकडून काडेपेटी घेतली. काडी ओढून बोटाखाली धरली.
उजेड दिसला. बाकी काही नाही.

१६ नोव्हेंबर
फाट्यावर गेले. बस आली. हात करायचा होता —
ड्रायव्हरने पाहिलं, गाडी हळू केली, गेला.
परत आले. एका पायात चप्पल नाही. कुठे पडली —

आईचा फोन. यल्लाप्पांचं सांगितलं, काडीचं सांगितलं. ती रडायला लागली. मी ऐकत होते. तुझा आवाज असा का येतोय, विचारत होती. उद्या न्यायला येते म्हणाली.
येऊ नको म्हणायला हवं होतं. ये, म्हटलं.

१७ नोव्हेंबर
दुपार. आई दिसते, खाचरांपलीकडे. हातात पिशवी.
तो मधल्या बांधावर.
जमीन — वही मांडीवर हलते, अक्षर वाकडं —

तिने त्याला पाहिलं. थांबली. भ्यालीय. किती दिवसांनी कुणीतरी भ्यालेलं बघतेय.
ओरडतेय. "उपा, आत जा! दार लाव!"
मागे फिर म्हणायला हवं. ऐकू जाईल एवढ्यावर आहे.

आता ओरडत नाही.
पिशवी खाली ठेवली. पदर नीट केला —
चालायला लागली. इकडे नाही.

जयाक्का शेजारी सुपात भात पाखडताहेत. त्यांना म्हटलं, ती माझी आई. व्हय का, म्हणाल्या.

हात चालतोय. लिहिता येतंय. हाक मारते. तोंड उघडलंय —
आ