मुठीवरची रेघ

दि. ४ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

महिन्यापूर्वी पाठवलेली कुबडी आजच्या आज कोपऱ्यात उभी करा, वापरू नका. फोनवर तुम्ही हो हो म्हणता आणि मनाचंच करता, म्हणून लिहून कळवते.

तिची मूठ आमच्या कारखान्यातली. एक कडक आणि एक चिवट अशी दोन प्लॅस्टिकं एकत्र वितळवून साच्यात दाबतात. मी चाचणीला घेतलेल्या पट्ट्या साच्याच्या एकाच तोंडाने भरलेल्या होत्या. ताणल्या, वाकवल्या, हातोडा मारला, एकही तुटली नाही. मी ‘योग्य’ लिहून सही ठोकली. मूठ मात्र दोन तोंडांनी भरते. दोन्हीकडचा वितळलेला रस मधोमध भेटतो, तिथे एक रेघ राहते आणि हे मिश्रण नीट सांधलंच जात नाही. काल प्रत्यक्ष मुठींवरच भार दिला. दहातल्या सात त्या रेघेवर मोडल्या.

साहेब म्हणतात, कागद चोख आहेत, चारशे कुबड्या गेल्या, आता बोभाटा नको. माझीच सही मला दाखवतात. तुम्ही जन्मभर साचे घासलेत. मी काय करू?

चुकले असले तरी लोभ आहे तसाच ठेवावा.

आपली,
ठकू

दि. ९ जानेवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

अक्षर आईचं आहे हे ओळखलंच असशील. सांगतोय मी. तिने मध्ये काही घुसडलं तर ते माझं समजू नकोस.

ती रेघ पहिल्याच दिवशी माझ्या नखाला लागली होती. तेव्हाच कळवायला हवं होतं. पण लेकीने सही केलेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची, म्हणून गप्प बसलो आणि वर चिंधी गुंडाळली. चाळीस वर्षं साचे घासून एवढीच अक्कल! तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी पायरीवर मूठ मोडली. मनगट प्लास्टरमध्ये आहे. रडत बसू नकोस, फार काही दुखत नाही.

मुठीचे दोन्ही तुकडे सोबत पाठवतोय. साहेबांच्या टेबलावर ठेव. बाकीच्या कुबड्या ज्यांच्याकडे गेल्या, त्यांची लेक काही तुझ्या कारखान्यात नाही. त्यांना कोण कळवणार?

नोकरी गेली तर घरी ये. इथला लोभ कमी व्हायचा नाही.

तुझे,
बाबा

ता. क. हे माझं, आईचं. खूप दुखतंय त्यांना. तुला कळवायचं नाही म्हणाले. मी कळवलं. आता तूही कळव.