काचेच्या दोन टोकांना

मंगळवार, संध्याकाळ. राजापेठ.

आज आमच्या काचेच्या दुकानातल्या गजाननभाऊंच्या तळहाताला टाके पडले. अकोटला एका दुकानाची काच जिन्याने वर नेताना.

गजाननभाऊ जपून, हळू चालणारे. त्यांच्यासोबत काच धरणाऱ्या दिनेशला दम निघत नाही. दिवाळीत तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "भाऊ, काच नेऊन राह्यले का नवरी?" तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. पण मोठी काच दोघांनीच धरावी लागते. म्हणून मी पुढे चालतो आणि दोघांसाठी "पायरी!" ओरडतो.

आज मालकांचा फोन आला आणि माझं ओरडायचं राहिलं. गजाननभाऊ पायरीशी थांबले, मागून दिनेश चालतच राहिला. भाऊंनी नुसतं "थांब" म्हटलं असतं तर? नाही म्हटलं. काच फुटली.

दवाखान्यात दिनेश रडवेला होऊन शेजारीच उभा होता. तरी भाऊ मलाच म्हणाले, "त्याले सांग, वापस जातानी गाडी तो चालवीन."

दिनेशही मलाच, "सांग भाऊले, चालवतो."

मालक विचारतात, दोघांतल्या कोणाला कामावरून काढू? उद्या सकाळी सांगायचं आहे. घरसंसार दोघांनाही आहे. आणि एक पायरी तर माझीच राहिली ना? मी मध्ये होतो म्हणून त्यांना बोलायची गरजच पडली नाही, असं तर नाही?

आत्ता दिनेशचा फोन आला. "भाऊचा हात कसा हाय रे?"

"तूच इचार ना त्याइले."

मग म्हणाला, "राहू दे बा. तूच इचारून सांग."

मी भाऊंना विचारलं, आणि दिनेशला सांगितलं.