ठिणगीची सतरा वाक्यं

मास्तर,

नमस्कार. कोण नमस्कार करतंय ते आठवत नसेल तर लगेच पत्राच्या तळाशी नाव शोधायला जाऊ नका, नाव घातलेलंच नाही. बसा डोकं खाजवत. गेल्या वर्षात तुम्हाला दोन पत्रं धाडली. तुमची लेक सांगते की तुम्ही दोन्ही चष्मा लावून, अगदी स्वल्पविरामासकट वाचलीत, नीट घडी घातलीत आणि पोस्टमनला परत दिलीत, की पत्ता चुकून आलंय, ज्याचं असेल त्याला पोचवा. वर त्या बिचाऱ्याला बजावलंत म्हणे, बाई मजेशीर दिसतेय, पत्र हरवू नका. झालं. एवढ्या वर्षांत एकदा कौतुक केलंत, तेही पोस्टमनजवळ.

तब्येत कशी आहे हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते. माझी म्हणाल तर गुडघे सोडले तर सगळं शाबूत आहे, पण गुडघे कुठे सोडून येता येत नाहीत. लिहून घेते आहे ती खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई. हात सुरेख आहे म्हणतात (मला काय कळतंय, मला सगळीच अक्षरं मुंग्यांसारखी), पण मी फार पाल्हाळ लावला की कात्री वाजवते.

तर मास्तर, रोज दुपारी चार वाजता टीव्हीवर आपलं जुनं कार्टून पुन्हा दाखवतात. मेघमुष्टी आणि ठिणगी. मेघमुष्टी म्हणजे तुम्ही, जांभळा डगला घालून आभाळातून उतरणारा आणि गुंडांना बुकलून काढणारा. ठिणगी म्हणजे मी, त्याच्या खांद्यावर बसून येणारी दहा वर्षांची टकळी. (तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते आणि त्याच स्टुडिओत लादी पुसत होते. ठिणगीचा आवाज देणारी पोरगी लग्न करून निघून गेली, त्याच दिवशी मालकांनी मला जिन्याखालच्या मांजरीला झापताना ऐकलं, आणि माझ्या हातातला पोछा गेला.) तुम्ही सकाळी शाळेत पोरांना भूगोल शिकवायचे आणि दुपारी येऊन डोंगर उचलायचे. आता चार वाजले की तुम्ही माझ्या खोलीत येता, बावीस मिनिटं थांबता, जग वाचवता आणि जाता. उरलेल्या वेळात खोलीत फ्रिज तेवढा बोलतो. मुलगा रविवारी फोन करतो, चांगला आहे, पण घाईत असतो. नात तिकडे तेच कार्टून बघते आणि फोनवर मला म्हणते, आजी, तू आधीच्या आवाजात बोल ना. तिला टीव्हीतली आजी जास्त आवडते. मलाही तीच आवडते, पण ती माझं ऐकत नाही.

मागच्या महिन्यात टीव्हीवाल्यांचा फोन आला. सगळे भाग मिळाले, पण शेवटच्या भागाचा आवाज ओल लागून नासला. चित्र आहे, तोंडं हलताहेत, आवाज नाही. ठिणगीची सतरा वाक्यं आहेत, येऊन बोलून जाल का? मी म्हटलं, विचार करून सांगते, आणि फोन ठेवायच्या आत हो म्हटलं.

दोन बस बदलून गेले. नवा स्टुडिओ म्हणजे नुसत्या काचा. लादी चकचकीत होती, कोपरे मात्र घाण. (बोटानं पुसून बघितलं, तेवढंच.) आवाज घेणारी एक पोरसवदा बाई होती, गोड होती, तिनं माझ्या हातात कागद ठेवला. आता काय करायचं? म्हटलं, चष्मा घरी राहिला. मला वाटलं, सुटले. तर तिनं खण उघडला आणि लोकांनी विसरलेले पाच चष्मे टेबलावर मांडले. मास्तर, मी पाचही लावून बघितले. पहिला नाकात रुतला, दुसऱ्यानं गरगरलं, तिसऱ्याची काडी तुटकी होती, वाचता न येण्याचा दोष मी तिच्यावर ढकलला. चौथ्यानं दूरचं स्पष्ट दिसलं, म्हणजे ती माझ्याकडे कशी बघते आहे ते. पाचवा लावला तेव्हा ती हळूच म्हणाली, आजी, मी वाचून दाखवू का? पोरगी शहाणी आहे. तिला सगळं कळलं होतं, ते पहिल्या चष्म्यालाच, पण माझी पाचव्यापर्यंत वाट बघितली.

मग तिनं माझ्या डोक्यावर हेडफोन चढवले, आणि ती काचेपलीकडे जाऊन वाक्यं वाचायला लागली. दोन्ही कानांत एकदम. डोक्यात कुणी भाडेकरू ठेवल्यासारखं वाटलं. आपलं कसं होतं? तुम्ही डाव्या बाजूला उभे राहायचे, माझं वाक्य कागदावरून वाचून डाव्या कानाशी कुजबुजायचे, मग कोपराला एक बोट लावायचे, की मी बोलायचं. नंतर तुमचं वाक्य तुम्ही मोठ्यानं बोलायचे. अकरा वर्षं. त्यामुळे झालं असं, की पडद्यावर ठिणगीनं तोंड उघडलं आणि मी बोटाची वाट बघत राहिले. तोंड मिटलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. सातव्या खेपेला मला राग आला, आणि तोंडातून वाक्य निघालं तेही तुमचं, तुमच्या आवाजात, मेघमुष्टीचं. काचेपलीकडे सगळे हसले. मीही हसले, मग पाणी मागितलं.

ते हसणं थांबल्यावर त्यांनी सांगितलं की मेघमुष्टीचं त्यांचं ठरलेलं आहे. रेडिओवर दातांच्या पेस्टची जाहिरात करणारा एक जण आहे. त्याला तिथे बसवलाच होता. त्यानं दोन-तीन वाक्यं बोलून दाखवली. आवाज दणकट आहे, विहिरीत बादली पडावी तसा, पण मास्तर, तो प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसतो. मेघमुष्टी कधी हसला का? तुम्ही तर चेष्टेतही हसत नव्हता. चार वाजता ज्या माणसाची मी वाट बघते, त्याच्या तोंडी शेवटच्या दिवशी हा पेस्टवाला बोलणार, आणि मग तो भाग कायमचा तसाच राहणार. मला ते सहन होईना. आणि मी खोटं बोलले.

"मास्तर येणार आहेत," मी म्हटलं. "पुढच्या गुरुवारी. त्यांच्याशिवाय मला बोलता येत नाही."

त्या पोरीनं फळ्यावर लिहून टाकलं. पेस्टवाला घरी गेला. मी दोन बस बदलून परत आले, पहिली चुकीच्या दिशेची पकडली, ते वेगळं. घरी पोचले तोवर चार वाजून गेले होते आणि तुम्ही येऊन गेला होता.

बाकी सगळं ठीक. लेकीला आशीर्वाद. तिला म्हणावं, औषधाच्या डब्या जरा उंच ठेव.

आपली,
खांद्यावरची

ता. क. तेव्हा गुरुवारी या. विसराल हे मला माहीत आहे, म्हणून लेकीशी बोलून ठेवलंय. ती रडवेली होऊन म्हणाली, बाबांना वरची ओळ खालच्या ओळीपर्यंत लक्षात राहत नाही, तुम्ही कोण हेही कळणार नाही. मी विचारलं, वाचतात ना? म्हणाली, दिसेल ते वाचतात, मोठ्यानं, झकास. मग अडलंय कुठे? मला वाचता येत नाही, तुम्हाला लक्षात राहत नाही. तुम्ही वाचा, लक्षात मी ठेवते. मला ओळखलं नाहीत तरी चालेल. डाव्या बाजूला उभे राहा, कागदावरचं कानाशी वाचा, मग बोट लावा. कुणाच्या कोपराला लावताय याची चौकशी तुम्ही कशाला करता?

आणखी एक. तुम्ही मला अक्षरं शिकवायला पाटी आणली होती, आणि ती हातातून पडून फुटली असं मी सांगितलं होतं. पडली नव्हती, मीच फोडली होती. शिकले असते तर माझं वाक्य मीच वाचलं असतं. (शिंपीणबाईनं कात्री खाली ठेवलीय आणि माझ्याकडे बघतेय. तिला म्हटलं, बघू नकोस, लिही.)

आणि शेवटचं. तुमच्या अंगणातल्या अंजिराला यंदा फार फळ आलंय असं लेक म्हणाली. मला डझनभर पाठवा. चांगली पिकलेली, हात लावला तर फुटतील अशी. पोस्टानं मुळीच नको, लगदा होतो. ती वाटभर कुणीतरी मांडीवर धरून आणावी लागतात. कुणी, ते तुमचं तुम्ही बघा. गुरुवारी मला अंजिरं पाहिजेत.