उलटा सरकलेला दगड

१४ मार्च, सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. तू आणि वहिनी बरे असाल. आमचंही ठीक चाललंय. शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण सकाळी दाढी करताना हात अजून घाई करतो. बायको म्हणते, "वर्गात कोणी वाट बघत नाहीये, सावकाश करा." गुडघे कुरकुरतात, बाकी तक्रार नाही. खरं सांगायचं तर सुखात आहोत.

तुझी लेक गेल्या आठवड्यात चार दिवस आमच्याकडे राहून गेली. मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. आता दारात उभी राहिली ती गुडघ्यापर्यंतचे बूट घालून, खांद्यावर मोजणीची तिकाटी. म्हणाली, "काका, मी ठकी. नदी मोजायला आलेय. जेवायला मिळेल ना?" नाक आणि बोलणं, दोन्ही तुझंच.

चारही दिवस तिच्यामागे काठाने हिंडलो. नदीच्या वळणावर बाहेरचा काठ खरवडला जातो आणि आतल्या काठाला गाळ साचतो, हे मी तीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं. ठकीने फावड्याने कडा सरळ कापला आणि ते सगळं समोर मांडलं. वर काळी माती, मध्ये वाळूच्या बारीक बारीक रेघा, तळाशी गोटे. "ही बोटभर वाळू म्हणजे एक पूर, काका. आणि हे गोटे आहेत ना, इथून पूर्वी नदीच वाहायची." एक गोटा मी हातात घेतला. अंड्यासारखा गुळगुळीत. कुठल्या डोंगराचा तुकडा, किती हजार वर्षं लोळत आला असेल.

आपली जमीन आता तू ओळखणार नाहीस. तुझा तुकडा आणि माझा तुकडा, दोन्ही वळणाच्या बाहेरच्या अंगाला, त्यामुळे नदी खाते ते आपलंच. तू गेल्यापासूनच्या बावीस वर्षांत काठ चाळीस पावलं आत आलाय. बाबांनी लावलेलं अंजीर सोळा वर्षांपूर्वी मुळांसकट गेलं. त्याच्या पुढच्या वर्षी हद्दीचा दगडही गेला. समोरच्या काठावर मात्र नवी जमीन तयार झालीय, तिथे शेळ्या चरतात.

इथवर लिहून दोनदा उठलो. चहा केला, तारेवरचे कपडे आत आणले. बायकोने विचारलं, "पत्र संपलं?" मी म्हटलं, "अजून सुरूच केलं नाही."

शेवटच्या दिवशी ठकीने मला विचारलं, "काका, बाबा इथे का येत नाहीत, माहीत आहे तुम्हाला?"

मी म्हटलं, "भांडण झालं होतं आमचं."

"भांडण नाही. ते म्हणतात, मी माझ्या धाकट्या भावाला चारचौघांत चोर म्हटलं. नंतर कळलं, दगड पुराने सरकला होता. आता कोणत्या तोंडाने जाऊ?"

दादा, मला इतकी वर्षं वाटत होतं की तू रागावला आहेस. तुझा राग मला सोयीचा होता. तू शरमेने दूर राहिला आहेस हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तर आता सांगतो. तो दगड नदीने सरकवला नव्हता. मी सरकवला.

बावीस वर्षांपूर्वीचा तो पूर ओसरला त्या दुपारी सगळे वरच्या वस्तीत चिखल काढायला गेले होते, तू सगळ्यांच्या पुढे. मी पहार आणि लाकडाचे तीन ओंडके घेऊन शेतात गेलो. अठरा पावलं सरकवायला दोन तास लागले. जुना खड्डा ओल्या गाळाने बुजवला. मला जमीन नको होती. माझ्या जन्माच्या वेळी बाबांनी लावलेलं अंजीर वाटणीत तुझ्याकडे गेलं, ते मला सहन झालं नाही. बाबांना तसं विचारायचं धाडसही झालं नाही. तुला मागितलं असतं तर तू हसत दिलं असतंस, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मला मागायचं नव्हतं.

तू सगळ्यांसमोर बरोबर बोललास. "दगड प्रवाहाच्या उलट कसा जाईल?" त्यावर मी भूगोलाच्या मास्तरच्या आवाजात सांगितलं की पुरात भोवरे होतात, जड दगडही मागे फिरतो. तू माझ्याकडे बघत राहिलास. मग म्हणालास, "तू शिकलेला आहेस. मी चुकलो, मला माफ कर." आणि हात जोडलेस. त्या हातांकडे बघूनही मी गप्प राहिलो.

ठकीला हे सगळं त्याच दिवशी सांगितलं. ती बराच वेळ बुटांचा चिखल काढत बसली. मग म्हणाली, "मी नाही सांगणार बाबांना. तुम्ही लिहा." जाताना मात्र माझ्या गळ्यात पडली. बायकोलाही परवा सांगितलं. ती एक दिवस बोलली नाही, आज बोलतेय.

माफी तू मागितली होतीस, ती मी परत करतो. मागायची होती ती मी. उत्तर दिलं नाहीस तरी मी समजून घेईन. खूप वर्षांनी आज मला नीट भूक लागलीय, एवढं मात्र लिहितो.

आणि कधी यावंसं वाटलं, तर टेकडीवरच्या रस्त्याने ये. नदीकाठची जुनी वाट आता पाण्यात आहे. वरून येताना वळण पूर्ण दिसतं. मी शाळेच्या फाट्यावर उभा राहीन.

तू बरोबर होतास, दादा.

तुझा धाकटा