आपल्या घराला जुळणारं कुत्रं

दादा, घरात कुत्री आणली आहे. तुम्हाला ते रुचेल की नाही ठाऊक नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

गेल्या थंडीत मी न्हाणीघरात घसरून पडलो आणि शेजाऱ्यांना कळेपर्यंत दुपार झाली. तेव्हापासून तुमची नात हटूनच बसली. "बाबा, बास झालं. शीळफाट्याला माझ्याकडे चला. अठराव्या मजल्यावर वारा काय येतो!" मी म्हटलं, वारा नौपाड्यातही येतो, फक्त जरा विचारून येतो. ती हसली नाही. शेवटी तिनंच तोडगा काढला: मी पडलो तर भुंकून बिल्डिंग गोळा करील असा कुत्रा ठेवायचा. जमला तर मी इथे, नाही तर तिच्या टॉवरमध्ये. "पण गोड दिसतो म्हणून घ्यायचा नाही हं. तुमच्या लाइफस्टाइलला कुठली ब्रीड सूट होते ते बघायचं." माझी लाइफस्टाइल! तीन जिने, लिफ्ट नाही, दुखरे गुडघे, दुपारी वामकुक्षी आणि संध्याकाळी तुम्ही पाठ करून घेतलेल्या कविता भिंतींना ऐकवणं.

आठवतं का, मी चौथीत असताना बेकरीमागून एक पिल्लू सदऱ्यात लपवून आणलं होतं? तुम्ही नुकतेच शाळेतून शिकवून आला आहात, याच खुर्चीत बसला आहात. ओरडत नाही. वर्गात विचारावं तसं विचारता, "दुपारी घरात कोण असतं?" मी सांगतो, तुम्ही शाळेत, आई शिवणाच्या वर्गाला, मी शाळेत. "म्हणजे कोणी नाही. रिकाम्या घरात कुत्रं ठेवू नये रे. त्याला सोबत लागते. असलेलं माणूस मिळालं नाही, की ते नसलेल्याशी जमवून घेतं." मग पिल्लू परत सोडायला तुम्ही स्वतः आलात, आणि मी रडू नये म्हणून वाटेत भुजंगप्रयात वृत्त शिकवलंत. माझ्या तळहातावर तुमच्या बोटानं, एक हलकी टिचकी, दोन जड. लगागा, लगागा, लगागा, लगागा. पुढे जन्मभर ते बोट या खुर्चीच्या हातावर तेच वाजवत राहिलं. तिथलं पॉलिश उडालंय ते उडालंयच.

तर कुत्रं. लेकीच्या ओळखीची एक बाई टाकून दिलेली कुत्री सांभाळते आणि त्यांना घरं शोधून देते. ती आधी थोडे दिवस ठेवून बघू देते. पहिला लॅब्रेडॉर आला, लेकीच्या आवडीचा. स्वभावानं देवमाणूस, पण पहिल्याच जिन्यावर त्यानं मला पतंगासारखं ओढलं. मग बीगल. तो नाकावर चालणारा प्राणी. घरभर वास घेत फिरला, तुमच्या खुर्चीपाशी येऊन थबकला आणि मान वर करून असा लांब सूर लावला की खालच्या काकू धापा टाकत वर आल्या. "अहो, कोण गेलं?" मी म्हटलं, कोणी नाही. त्यानंतर त्या खोलीत त्यानं पाऊल टाकलं नाही.

ही तिसरी. गावठी, तपकिरी, मध्यमवयीन, कानाला नसबंदीची खाच. बाई म्हणाली, "काका, हिला उकाड्याचं काही नाही, ओढत नाही, तुमच्या चालीनं चालेल." खरंच, दर पायरीवर माझ्यासाठी थांबली. घरात आल्यावर तिनं वास घेतला नाही. आधी येऊन गेल्यासारखी सरळ तुमच्या खुर्चीसमोर गेली आणि पंजांवर हनुवटी टेकून, वर बघत पडून राहिली. दुपार होती, वीज गेलेली, पंखा थांबलेला. फरशीवर शेपटाचा आवाज तेवढा येत होता. एक हलका, दोन जड. चार वेळा. मग ओळ संपल्यासारखी जरा उसंत, आणि पुढची ओळ.

मी हातातला कप खाली ठेवला.

लेक रविवारी निकाल लावायला आली. आम्हाला जिने उतरवले, चढवले, खूश दिसली. मग म्हणाली, "बाबा, ही कोणाला बघून शेपूट हलवते?"

"खुर्ची आवडते तिला."

"काहीही!" म्हणत ती खुर्चीत बसायला गेली. कुत्री उठली, गुरगुरली नाही, पण तिनं लेकीच्या ओढणीचं टोक दातांत धरून तिला हळूच बाजूला ओढलं. लेक खुर्चीकडे बघत राहिली. नंतर माझ्याकडे. "बाबा, इथे एकटं वाटत नाही ना तुम्हाला?"

"नाही गं," मी म्हटलं. ते अगदी खरं होतं.

"मग राहा इथेच. ही जुळतेय तुम्हाला."

तर मी घरातच आहे, दादा. हाक मारली की ती येते, पण दुपारी येत नाही. दुपारी माझ्याकडे बघतही नाही. नसलेल्याशी जमवून घेण्याचं तुमचं ते वाक्य तेव्हा मनात फिरत राहतं. मी तर दिवसभर घरात असतो ना?

हा कागद खुर्चीवर ठेवणार होतो. नाही ठेवत. उचललेला दिसला तर काय करायचं? आणि एक गोष्ट लेकीलाही सांगितलेली नाही. काल दुपारी मी तुमच्या खुर्चीत बसून पाहिलं. तिनं मला ओढलं नाही. शेपूट थांबलंही नाही.